घरच्या घरी मातीशिवाय लेट्यूस आणि पालेभाज्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी काही वर्षांपासून पाण्यावर लेट्यूस आणि पालेभाज्या घेते. शेजारपाजारचे, नात्यातले, त्यांच्या ओळखीचे लोक पानांचे, मुळांचे, मीटरवरच्या आकड्यांचे फोटो पाठवून विचारत असतात. त्यांचेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं पुण्या-मुंबईकडच्या हवामानाला धरून आहेत. महाबळेश्वर-पाचगणीत राहत असाल तर उन्हाळ्याबद्दलची बरीचशी काळजी तुम्हाला लागू नाही.

१. माती नाही, तर रोप खातं काय?

मातीत असतानाही रोप माती खात नाही. मातीतल्या ओलाव्यात विरघळलेलं नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह वगैरे मुळं शोषून घेतात. हायड्रोपोनिक्समध्ये हीच द्रव्यं आपण मोजून पाण्यात विरघळवतो. कॅलिफोर्नियात विल्यम गेरिक यांनी १९३० च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. आपल्या देशात १९४० च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँग भागात त्याचे प्रयोग केले. म्हणजे ही काही कालपरवाची टूम नाही.

मातीची आणखी एक कामगिरी आपल्या लक्षात येत नाही. भुसभुशीत मातीच्या कणांमध्ये हवा असते आणि ती मुळांना लागते. पाण्यावर वाढवताना खत सगळेच देतात, पण मुळांच्या हवेचं भान राहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी शेवटी इथेच येऊन थांबतात.

२. पहिल्यांदाच करतेय. पाइपवालं युनिट घेऊ की साधा डबा?

साधा डबा. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. झाकणाच्या डब्यात खताचं पाणी भरायचं, झाकणाच्या भोकांत रोपं बसवायची आणि काढणीपर्यंत बहुतेक वेळ तसंच राहू द्यायचं. पंप नाही, वीज नाही. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते, वर मोकळी जागा तयार होते आणि त्या जागेतली मुळं हवा घेतात.

दुसरा प्रकार म्हणजे त्याच डब्यात मत्स्यालयातला हवेचा पंप आणि बुडबुड्यांचा दगड सोडायचा. उकाड्याच्या दिवसांत याचा खरा उपयोग होतो. तिसरा प्रकार उतरत्या पाइपांतून पाण्याचा पातळ ओघ फिरवण्याचा. दिसायला तो देखणा असतो, पण वीज गेली की मुळांपाशी पाण्याचा साठाच नसतो आणि मार्चच्या दुपारी रोपं पाहता पाहता माना टाकतात. एक-दोन हंगाम डब्यावर हात बसल्याशिवाय पाइपांवर पैसे घालू नका.

३. एका डब्याला काय काय लागतं?

१५ लिटरचा झाकणाचा, अपारदर्शक, खाद्यपदार्थ ठेवण्याजोगा प्लास्टिकचा डबा चार रोपांना पुरतो. पाण्यावर उजेड पडला की शेवाळ धरतं, म्हणून पारदर्शक डबा असेल तर बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा थर उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. रंगाचा रिकामा डबा कितीही घासला तरी खायच्या पानांसाठी घेऊ नका.

झाकणाला सुताराकडून दोन इंची चार भोकं पाडून घ्या, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. त्यांत जाळीचे छोटे कप बसतात. कप नसतील तर दह्याच्या लहान डब्यांना तापल्या सुईने तळाशी आणि बाजूंना भोकं पाडली तरी काम होतं. रोपांसाठी भांडी घासायचा नवा स्पंज घ्या. हिरवा खरखरीत थर काढून टाका आणि इंचभराचे तुकडे करून प्रत्येकाला मधोमध चीर द्या. कोकोपीट वापरणार असाल तर दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात पुष्कळदा मीठ असतं.

याशिवाय टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेन, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि खतं. खतांचं प्रश्न ७ मध्ये सविस्तर आहे.

४. कधी सुरू करायचं? एप्रिलमध्ये चालेल का?

लेट्यूस एप्रिलमध्ये नको. हे थंडीचं पीक आहे. गणपती उठले की पहिलं बी टाका, नंतर दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाकत जानेवारीच्या मध्यापर्यंत चला. म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत पानं मिळत राहतात. सगळं बी एकदम पेरलं की आठवडाभर घरात पानंच पानं आणि मग महिनाभर काही नाही.

पावसाळ्यात तापमान बरं असतं, पण ऊन कमी पडतं आणि हवा दमट असते. सुरुवात करणाऱ्याने तो काळ टाळावा. एप्रिल-मेमध्ये काय घ्यायचं ते प्रश्न १८ मध्ये.

५. दोनदा पेरलं, लेट्यूसचं बी उगवतच नाही. बी खराब आहे का?

बहुतेक वेळा बी चांगलं असतं, खोली गरम असते. लेट्यूसचं बी १५ ते २२ अंशांत दोन-तीन दिवसांत डोळे उघडतं. पारा २८-३० च्या वर गेला की ते स्वतःहून झोपून राहतं. रानात कडक उन्हाळ्यात उगवून मरू नये म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे.

ओल्या टिशूत बी ठेवून डबीत घाला आणि दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मग स्पंजच्या चिरेत एक-एक बी वरच्यावर ठेवा. पुरू नका. लेट्यूसच्या पुष्कळ वाणांना उगवायला उजेड लागतो. सप्टेंबरच्या उकाड्यात मी हा ट्रे पाण्याच्या माठाशेजारी जमिनीवर ठेवते. माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं, पाझरणारं पाणी, खालची गार फरशी यांमुळे तिथे हवा जाणवण्याइतकी थंड असते. ओट्यावर न उगवलेलं बी तिथे तिसऱ्या दिवशी पांढरं मूळ काढतं.

पाकीट दीड-दोन वर्षं उघडं पडलेलं असेल तर मात्र नवीन बी घ्या.

६. रोप डब्यात कधी हलवायचं?

पहिली खरी पानं आली की, म्हणजे सुरुवातीच्या दोन गोल पानांनंतरची. साधारण दोन ते तीन आठवडे. तोवर अर्ध्या तीव्रतेचं खतपाणी द्या. रोप हलवलं त्या दिवशी पाण्याची पातळी अशी ठेवा की कपाचा तळ सेंटिमीटरभर बुडेल, त्याहून जास्त नाही.

उगवल्यावर पहिल्या दिवसापासून ऊन किंवा दिवा मिळाला नाही तर रोपं दोऱ्यासारखी लांब होऊन आडवी पडतात. अशी रोपं पुढे जोर धरत नाहीत. ती ठेवण्यापेक्षा पुन्हा पेरा.

७. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ मिळतं. तेवढ्यावर भागेल का?

नाही. हे आकडे म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी. त्यात कॅल्शियम नसतं. शिवाय नत्राचा बराच भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं रूप बदलून तो मुळांच्या उपयोगाचा करतात, डब्यातल्या पाण्यात ती व्यवस्था नाही. पहिले दहा दिवस रोप हिरवंगार दिसतं, मग कोवळी पानं वेडीवाकडी येऊ लागतात.

पण त्याच दुकानात तुमचं काम होईल. द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांना ठिबकमधून जी विद्राव्य खतं देतात, तीच आपल्याला हवीत. माझं प्रमाण असं:

अ बाटली: १ लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट ६० ग्रॅम.

ब बाटली: १ लिटर पाण्यात १३:००:४५ हे खत ३० ग्रॅम, ००:५२:३४ हे १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३५ ग्रॅम आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं (लोह, जस्त वगैरे, पाण्यात विरघळून राहतील अशा रूपातली) २ ग्रॅम.

डब्यातल्या प्रत्येक १० लिटर पाण्याला अ मधलं १०० मिलिलिटर घाला, ढवळा, मग ब मधलं १०० मिलिलिटर घाला. १५ लिटरच्या डब्याला दोन्हींचं दीडशे-दीडशे. यातून दर लिटरला नत्र सुमारे १३०, पालाशमधलं पोटॅशियम १५० आणि कॅल्शियम ११५ मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. लेट्यूसला ते भरपूर झालं.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पाकिटावरचे आकडे वाचून घ्या. लोह सर्वांत जास्त असलेलं मिश्रण हवं. पानांवर फवारायच्या मिश्रणांत पुष्कळदा लोहापेक्षा जस्त जास्त असतं, ते इथे चालत नाही.

एवढी खटपट नको असेल तर हायड्रोपोनिक्सचा तयार ए-बी संच घ्या. एका डब्यासाठी वेगवेगळी किलोकिलोची पाकिटं आणण्यापेक्षा तो स्वस्तही पडतो. पाच-सहा डबे झाले किंवा चार घरांनी मिळून खत आणलं की मग वरचं प्रमाण परवडतं.

८. दोन बाटल्या कशाला? एकातच मिसळून ठेवलं तर?

दाट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आले की जिप्समचा पांढरा साका बसतो. फॉस्फेटचंही तसंच होतं. तो साका पुन्हा विरघळत नाही आणि खत तळाशी वाया जातं. डब्यातल्या भरपूर पाण्यात मात्र दोन्ही सुखाने राहतात. मोजायला वेगवेगळे पेले ठेवा आणि बाटल्यांवर ठळक अक्षरांत नाव लिहून त्या मुलांच्या हाताला न लागतील अशा ठिकाणी ठेवा. दोन्ही द्रावणं पाण्यासारखीच दिसतात.

९. नळाचं पाणी चालेल की आरओचं लागेल?

धरणातून येणारं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, ते उत्तम. क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघडं ठेवा. खत घालण्याआधी टीडीएस मोजा. आकडा २०० च्या आत असेल तर विचारच नको. ३०० च्या वर असेल तर निम्मं आरओचं मिसळा. आरओमधून बाहेर सोडलेलं पाणी घेऊ नका, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

टँकर आणि बोअरच्या पाण्यात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. काही सोसायट्यांत बोअरचं पाणी मऊ करायचं यंत्र असतं आणि त्यात मीठ घालतात. ते यंत्र पाण्यातलं कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतं. साबणाला छान फेस येतो, नळावर पांढरे डाग पडत नाहीत, म्हणून पाणी चांगलं वाटतं, पण रोपांना सोडियम नको असतं. टीडीएसही कमी झालेला नसतो. असं पाणी असेल तर सरळ आरओचं किंवा पावसाचं वापरा. पहिल्या एक-दोन पावसांनी गच्ची धुऊन निघाली की नंतरचं पाणी फार चांगलं असतं. एसीतून ठिबकणारं पाणी खायच्या पानांसाठी मी वापरत नाही, ते धुळीच्या आणि धातूच्या नळ्यांवरून आलेलं असतं.

१०. टीडीएस किती ठेवायचा? माझा मीटर ६०० दाखवतो, बहिणीचा त्याच पाण्याला ८४०.

दोन्ही मीटर बरोबर असू शकतात. मीटर मुळात पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी (इथे सगळीकडे मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) मोजतो आणि तिला एका आकड्याने गुणून टीडीएस दाखवतो. काही मीटर ५०० ने गुणतात, काही ७०० ने. ईसी १.२ असेल तर एकावर ६००, दुसऱ्यावर ८४०. म्हणून कुणी नुसता टीडीएस सांगितला तर मीटर कोणता ते विचारा, किंवा ईसीच्या भाषेत बोला.

लेट्यूसला ईसी ०.८ ते १.४. लहान रोपांना ०.६ पुरे. पाक चॉय (एक चिनी पालेभाजी) आणि पालक १.५ ते २ पर्यंत घेतात. उकाड्यात आकडा खालच्या बाजूला ठेवा, कारण रोप तेव्हा खतापेक्षा पाणी जास्त पितं आणि डब्यातलं द्रावण आपोआप दाट होत जातं. खत वाढवलं की वाढ जोरात होईल ही समजूत लेट्यूसच्या बाबतीत खोटी आहे. पानांच्या कडा करपतात तेवढंच.

११. पीएच मोजायलाच हवा का? लिंबू पिळलं तर?

पीएच म्हणजे पाण्याच्या आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं पाणी आम्ल. तो ५.५ ते ६.५ मध्ये असावा. मऊ पाण्याचा एक डबा असेल तर पहिल्या हंगामात पीएच मोजला नाही तरी बहुतेकांचं निभावतं. कठीण पाण्यात मात्र तो वर चढतो आणि लोह पाण्यात असूनही रोपाला मिळत नाही (पिवळ्या पानांसाठी प्रश्न १६ पाहा).

लिंबू किंवा व्हिनेगरने पीएच उतरतो, पण ते आम्ल जिवाणू खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत आकडा पुन्हा जागेवर येतो. वर पाणी गढूळ होतं. पीएच कमी करायचं पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल बाजारात मिळतं, ते थेंबाथेंबाने घाला. हातमोजे घाला आणि नेहमी आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही.

१२. आमची बाल्कनी उत्तरेला आहे. जमेल का?

थंडीत चार-पाच तास थेट ऊन मिळत असेल तर दिव्याची गरज नाही. सकाळचं पूर्वेचं ऊन सर्वांत चांगलं. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी हिरवी जाळी लावा. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत तेव्हा थेट ऊन जवळजवळ येतच नाही. तिथे दिवे लागतील.

गुलाबी-जांभळे दिवे लागत नाहीत. घरातल्या पांढऱ्या एलईडी ट्यूब चालतात. चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर २० वॅटच्या निदान तीन, पानांपासून वीतभर वर, रोज १४ ते १६ तास. एका ट्यूबवर भागवायला गेलात तर रोप जगतं पण भरत नाही. विजेचा हिशेब प्रश्न २३ मध्ये.

१३. डब्यातलं पाणी अर्ध्यावर आलंय. पुन्हा काठोकाठ भरू ना?

नाही! या पद्धतीत सर्वांत जास्त रोपं याच कारणाने जातात. माझीही गेली आहेत.

पहिल्याच वर्षी दिवाळीत चार दिवस गावाला जायचं होतं. सहा लेट्यूस ऐन भरात आले होते आणि पाणी अर्ध्यावर होतं. मागे पाणी संपायला नको म्हणून निघायच्या रात्री मी डबा काठापर्यंत भरला. परत आले तेव्हा सगळी पानं झाकणावर ओल्या फडक्यासारखी पसरली होती, आणि खाली पाणी भरपूर होतं. झाकण उचललं तर वरच्या भागातली मुळं, जी जाताना पांढरीशुभ्र आणि केसाळ होती, ती करडी होऊन एकमेकांना चिकटली होती. पातळी उतरते तेव्हा उघडी पडलेली मुळं हवेतून श्वास घ्यायला सरावतात. त्यांना अचानक बुडवलं की ती गुदमरतात. मी तसंच ठेवून गेले असते तर उरलेलं पाणी चार दिवस सहज पुरलं असतं.

पाणी अगदी तळाला गेलं असेल आणि काढणीला वेळ असेल तर डब्याच्या एक तृतीयांशापर्यंत भरा, तेही पाव ते अर्ध्या तीव्रतेच्या खतपाण्याने. वरची मुळं कोरड्या हवेतच राहिली पाहिजेत. डब्यात हवेचा पंप असेल तर हा नियम लागू नाही, तिथे पातळी वर ठेवता येते.

१४. मुळं तपकिरी झालीत आणि पाण्याला वास येतोय.

मूळकूज. पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव हे करतो आणि गरम, हवा कमी असलेल्या पाण्यात तो फोफावतो. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. एकीकडे हवा घटते, दुसरीकडे गरमीत मुळांना ती जास्त लागते.

पाण्यात बोट बुडवून पाहा. कोमट लागलं तर तिथेच कारण सापडलं. डबा सावलीत आणा, पानं उन्हात राहिली तरी चालतील. थर्मोकोलच्या खोक्यात पाणी बरंच गार राहतं. कडक दिवसांत बर्फाची बंद बाटली दुपारी पाण्यात सोडा.

मुळं नुसती फिकट तपकिरी असतील, घट्ट असतील आणि वास नसेल तर घाबरू नका, खतातल्या लोहाचाही रंग चढतो. बोटांनी ओढल्यावर साल निघून आत दोरा उरत असेल तर ती कूज. असं रोप काढून टाका, डबा ब्लीचच्या पातळ पाण्याने धुऊन वाळवा. शेजारच्या डब्यात ते पाणी चुकूनही जाऊ देऊ नका.

१५. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळल्यासारख्या काळ्या पडतात. कॅल्शियम वाढवू का?

हे कॅल्शियमच्या कमतरतेनेच होतं, पण पाण्यात कॅल्शियम पुरेसं असतानाही होतं. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. बाहेरची मोठी पानं भरपूर बाष्प सोडतात, त्यामुळे ओढ तिकडे असते. आतल्या मिटलेल्या पानांना वारा लागत नाही, ती बाष्प सोडत नाहीत आणि उपाशी राहतात. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत हे जास्त दिसतं.

दिवसातून काही तास लहान पंखा लावा, पानं जेमतेम हलतील इतका. ईसी १ च्या आसपास आणा. बाहेरची पानं वेळेवर काढत राहा. मुंबईत गड्डा बांधणाऱ्या वाणांपेक्षा मोकळ्या पानांची वाणं घ्या.

१६. पानं पिवळी पडताहेत.

आधी कोणती पानं ते पाहा. खालची जुनी पानं सगळीकडून फिकट होत असतील तर नत्र कमी पडतंय, खतपाणी पातळ झालंय. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह, आणि त्यामागे बहुधा वाढलेला पीएच (प्रश्न ११). सगळ्यात खालची एक-दोन पानं पिवळी पडणं हे नुसतं वय आहे, ती खुडून टाका.

१७. लेट्यूस अचानक उंच वाढलं आणि कडू लागतंय.

ते फुलावर आलंय. उष्णता आणि मोठा दिवस यांची खूण मिळाली की रोप पानं सोडून बियांच्या मागे लागतं. देठ मोडला तर पांढरा चीक दिसतो, कडूपणा त्या चिकासोबत येतो. त्याला परतवता येत नाही. उंची धरायला लागल्याबरोबर कापा, त्या दिवशीची पानं अजून खाण्यासारखी असतात. फेब्रुवारीत पेरायची हौस असेल तर बटाव्हिया प्रकारची वाणं घ्या, ती उष्णता जरा जास्त सोसतात. आइसबर्ग घरी घट्ट बांधायला अवघड आहे. नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

१८. उन्हाळ्यात काय लावू? आणि आपल्या मेथी-कोथिंबिरीचं काय?

उन्हाळ्यात लाल माठ, म्हणजे गोव्यातली तांबडी भाजी, फार छान येते. मायाळू, बेसिल आणि नाळीची भाजीही. नाळीची भाजी मुळात पाण्यातलीच, तिची मुळं पूर्ण बुडाली तरी तिला काही होत नाही. पुदिन्याच्या काड्या नुसत्या पाण्यात मुळं धरतात, पण त्याला वेगळा डबा द्या, तो सगळी जागा खातो.

आपला पालक हा विलायती स्पिनचपेक्षा वेगळा, बिटाच्या जवळचा आहे. त्यामुळे तो गरमी बरी सोसतो आणि खत थोडं जास्त मागतो. मेथी दाट पेरायची असते, तिला कप निरुपयोगी. चार इंच खोल ट्रेमध्ये कोकोपीट भरून पेरा आणि त्यावर पातळ खतपाणी द्या. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा. उगवायला आठ-दहा दिवस घेते, तोवर बी खराब आहे म्हणून टाकू नका.

१९. साठलेल्या पाण्यात डास होणार नाहीत का? घरात लहान मूल आहे.

निष्काळजीपणा केला तर नक्की होतील. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. झाकण घट्ट हवं, कप आणि भोक यांत फट नको, रिकाम्या भोकात स्पंजचा बोळा हवा. हवेच्या नळीच्या भोकाला मच्छरदाणीचा तुकडा लावा. दर रविवारी झाकण उचलून टॉर्चच्या उजेडात पाहा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर हंगामाची हळहळ न करता पाणी ओतून द्या. रॉकेलचे थेंब टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ही पानं आपण कच्ची खातो.

२०. पानांखाली हिरवे बारीक किडे चिकटलेत.

मावा. रोप उचलून नळाखाली उलटं धरा आणि पानांची मागची बाजू जोरात धुवा, तीन दिवस सलग. पिवळे चिकट सापळे उडणाऱ्या माव्यावर आणि पांढऱ्या माशीवर उपयोगी पडतात. लेट्यूसवर निंबोळी तेल मारलं तर वास आणि कडवटपणा पानांत राहतो, म्हणून काढणीआधीच्या दोन आठवड्यांत तरी नको. पानांत पांढऱ्या नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी, तेवढी पानं तोडून टाका. कबुतरांना जाळीशिवाय उपाय नाही.

२१. काढणी कधी आणि कशी?

मोकळ्या पानांचं लेट्यूस पेरल्यापासून ४५ ते ५५ दिवसांत तयार होतं. बाहेरची पानं तोडून मधला कोंब राखला तर दोन-तीन वेळा मिळतं. माझ्याकडे एका रोपाची पानं शंभर ते दीडशे ग्रॅम भरतात. पहाटे तोडलेलं पान सर्वांत कुरकुरीत असतं. पूर्ण रोप हवं असेल तर मुळांसकट काढून पेलाभर पाण्यात उभं ठेवा, दोन-तीन दिवस ताजं राहतं.

२२. रासायनिक खतावर वाढलेलं खाणं सुरक्षित आहे का? हे ऑरगॅनिक म्हणायचं का?

ऑरगॅनिक म्हणू नका. युरोपीय संघाच्या नियमांत सेंद्रिय पीक मातीतच वाढलेलं असावं लागतं. अमेरिकेत मातीशिवायच्या पिकालाही सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकतं, पण तिथेही आपण वापरतो ती खतं चालत नाहीत.

सुरक्षिततेचं म्हणाल तर मुळं नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात शोषतात, ते शेणखतातून आलेलं असो की पाकिटातून. लक्ष ठेवायचं ते पानांत साठणाऱ्या नायट्रेटवर. उजेड कमी असेल तर रोप ते वापरू शकत नाही आणि पानांत साठवतं. म्हणून कमी उजेडात खत जास्त देऊ नका, काढणीआधी दोन-तीन दिवस साधं पाणी द्या आणि दिव्याखाली वाढवत असाल तर पहाटेऐवजी संध्याकाळी काढा. घरी फवारणी होत नाही हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

२३. वीज किती जाते? लोडशेडिंग झालं तर?

साध्या डब्याला शून्य. ५ वॅटचा हवेचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. प्रश्न १२ मधल्या तीन ट्यूब रोज १४ तास लावल्या तर महिन्याला २५ युनिट. वीज गेल्याने डब्यातल्या रोपांना काही तासांत काही होत नाही. पंपाचा डबा असेल तर पाण्याची पातळी दोन-तीन इंच कमी ठेवा, म्हणजे पंप बंद पडला तरी वरची मुळं हवेत असतात. फिरत्या पाण्याच्या पाइपांना मात्र इन्व्हर्टर लागतो.

२४. पैशांत परवडतं का?

मेथी, पालक, कोथिंबिरीच्या बाबतीत नाही. मंडईतली जुडी नेहमीच स्वस्त पडेल. लेट्यूस, पाक चॉय, बेसिल यांचा हिशेब ऊन फुकट मिळत असेल तर एका हंगामात जमतो, दिवे लावून जमणं कठीण. आमच्या घरी मुलं बाजारचं सॅलड बाजूला सारायची. आता जेवायला बसण्याआधी कात्री घेऊन बाल्कनीत जातात आणि कोणतं पान कोणी तोडायचं यावर भांडतात. त्याचा हिशेब मी मांडलेला नाही.

२५. हंगाम संपल्यावर उरलेलं पाणी कुठे टाकू?

गटारात नको, त्यात अजून खत आहे. तितकंच साधं पाणी मिसळून कुंड्यांना घाला. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता सगळ्यांना चालतं. मूळकूज झालेल्या डब्याचं पाणी पालेभाजीच्या कुंडीत घालू नका, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ओता. मग डबा आणि कप घासून दोन दिवस कडक उन्हात पालथे घाला, स्पंज फेकून द्या. उरलेलं बी पाकिटासकट हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, गणपतीनंतर तेच काढायचं आहे.